पूर्वलक्षी प्रभावाने

"सभासद की प्रवासी?" हा काकांनी मला विचारलेला पहिला प्रश्न.

नोकरीचा पहिला दिवस होता. माझा एक पाय व्हॅनमध्ये होता आणि एक अल बर्शाच्या फुटपाथवर; काका, सगळे त्यांना तेच म्हणत, त्याच कोपऱ्यावर माझ्यामागे उभे होते. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या दिव्यांच्या एका कारखान्यात मला डिझाइनचं काम मिळालं होतं. मेट्रो, मग बस, मग उन्हात चालणं असा तो प्रवास, म्हणून आईने ओळखीतून या कारलिफ्टचा नंबर मिळवला होता. कारलिफ्ट म्हणजे महिन्याच्या बोलीवर रोज ऑफिसला नेणारी-आणणारी गाडी. गाडी तीच, माणसं तीच, सीटसुद्धा बहुधा तीच.

"काहीही चालेल," मी म्हणाले.

"काहीही चालेल असा पर्याय नाही. प्रवाशाला सीट मिळते. सभासदाला सीट आणि मत."

"सभासद हो," गाडीतून एक मुलगा म्हणाला. हा कौस्तुभ, पुण्याचा इंजिनिअर. "नाहीतर एसीबद्दल कम्प्लेंट करता येत नाही."

मी सभासद झाले. त्यानंतर कित्येक महिने मी त्या व्हॅनमध्ये 'गुड मॉर्निंग' आणि 'बाय' यांच्यापलीकडे काही बोलले नाही, पण हात मात्र वर करत राहिले. मला ती व्यवस्था फार सोयीची वाटली. तोंड न उघडता मत देता येतं, असं मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्या व्हॅनला घटना होती. काकांनी लिहिलेली, सर्वांनी मंजूर केलेली, आणि ड्रायव्हरच्या सीटमागच्या खिशात ठेवलेली. मंजूर झाली त्याच दिवशी काकांनी ती ऑफिसात नेऊन लॅमिनेट केली. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली दुरुस्ती आली. लॅमिनेटवर पेन चालेना. काका पॅकेजिंगच्या कंपनीत परचेसमध्ये होते, त्यामुळे खोक्यांवर चिकटवायच्या लेबलांना तोटा नव्हता. तेव्हापासून प्रत्येक घटनादुरुस्ती पांढऱ्या लेबलावर लिहून जुन्या कलमावर चिकटवली जायची. मी आले तोवर तो कागद पावाच्या स्लाइसएवढा जाड झाला होता. एका लेबलाच्या खालच्या बाजूला 'फ्रॅजाइल' छापलेलं उलटं दिसायचं.

"लॅमिनेट करायची घाई झाली," काका प्रामाणिकपणे सांगत. "घटना लॅमिनेट करायची नसते."

पंचावन्नच्या आसपासचा, बुटका, कडक इस्त्रीचा माणूस. शर्टाच्या खिशात दोन पेनं. निळं रोजच्या कामाचं, लाल फक्त दुरुस्तीसाठी. लाल पेन त्यांनी कुणाला कधी सही करायलाही दिलं नाही. बोलताना ते समोरच्याकडे न बघता थोडं वर, जणू प्रेक्षकांच्या गॅलरीकडे बघत. व्हॅनमध्ये तिथे एसीची जाळी होती.

आम्ही पाच सभासद. काका, कौस्तुभ, मी, पेरोलमध्ये काम करणाऱ्या मानसीताई, आणि केरळचा फिलिप. फिलिप गाडीत बसल्याबरोबर झोपायचा, सकाळीही आणि संध्याकाळीही. त्यामुळे झोपलेला सभासद हजर धरायचा की गैरहजर, हा प्रश्न फार लवकर उभा राहिला होता. दुरुस्तीनुसार फिलिप गणसंख्येसाठी हजर आणि मतदानासाठी गैरहजर असे. शिवाय मतासाठी कुणाला हलवून उठवणं म्हणजे मतदारावर दबाव, असंही एक लेबल होतं.

गाडी चालवायचे खानसाब, पेशावरचे. त्यांना मत नव्हतं. "ड्रायव्हर म्हणजे कार्यपालिका," काका समजावत. "अंमलबजावणी करायची." खानसाबांचा या सगळ्याला विरोध नव्हता. घटनादुरुस्तीला ते 'मरम्मत' म्हणत, आणि मरम्मत त्यांना समजत होती. एसीचं तापमान ठरवण्यावर एकदा आम्ही शेख झायद रोडवर ट्रॅफिकमध्ये अडकून भरपूर चर्चा केली, मतदान केलं, काकांनी लेबल चिकटवलं. खानसाबांनी आरशातून बघत सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"वोट आपका," ते म्हणाले, "एसी मेरा."

आणि तापमान होतं तसंच राहिलं. काकांनी नुकतंच चिकटवलेलं लेबल परत दाबून बघितलं. मग म्हणाले, "हा प्रश्न तिकडेही सुटलेला नाही."

तिकडे म्हणजे भारतात. काकांचं सगळं आयुष्य भारताच्या घटनादुरुस्त्यांच्या आकड्यांवर बेतलेलं होतं. "बेचाळिसावी झाली तेव्हा माझे दुधाचे दात पडत होते," असं ते सहज म्हणत. कौस्तुभ एकदा "काका, ही माझी खिडकी आहे," म्हणाला, तर त्याला उत्तर मिळालं, "चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांमधून काढला. सरक." फिलिप आठवडाभर दुसऱ्या कारलिफ्टने जाऊन परत आला तेव्हा काका नुसतं "बावन्नावी!" म्हणाले आणि तोंड फिरवून बसले. ती पक्षांतरबंदीची. फिलिपला काही कळलं नाही. तो झोपला.

एकसष्टावीबद्दल मात्र ते हळू बोलत. मतदानाचं वय एकवीसवरून अठरावर आणणारी ती दुरुस्ती झाली तेव्हा काका एकोणीस वर्षांचे होते. दोन वर्षं आधीच मत मिळालं म्हणून त्यांनी कॉलेजात पेढे वाटले होते. निवडणूक आली तेव्हा ते शारजात होते, स्टोअर हेल्परच्या व्हिसावर. पुढच्या प्रत्येक निवडणुकीला सुट्टी तरी नसायची किंवा मतदार यादीत नाव तरी नसायचं.

"म्हणजे तुम्ही कधीच व्होट केलं नाही?" मी विचारलं. हे माझं व्हॅनमधलं पहिलं पूर्ण वाक्य असावं.

"इथे करतो ना," काका म्हणाले. "आठवड्यातून दोनदा."

मी इथल्याच इंडियन स्कूलमध्ये शिकले. घटनादुरुस्त्या मला 'इम्पॉर्टंट अमेंडमेंट्स, फाइव्ह मार्क्स' म्हणून माहीत होत्या. काकांनी एकदा माझी परीक्षा घेतली. मी बेचाळिसावी, चव्वेचाळिसावी, त्र्याहत्तरावी भराभर इंग्रजीत म्हणून दाखवल्या.

"बरोबर. पण दुरुस्ती म्हणजे काय?"

"अ चेंज इन द कॉन्स्टिट्यूशन."

"चेंज तर डायपरलाही म्हणतात." ते जाळीकडे बघत म्हणाले, "दुरुस्ती म्हणजे आपलं चुकलं हे कबूल करायची रीतसर सोय. बेचाळिसावीने जे मोडलं त्यातलं बरंचसं चव्वेचाळिसावीला निस्तरावं लागलं. तेही त्याच दाराने आत जाऊन. दार एकच आहे. त्यातून कोण काय घेऊन आत येतंय, ते बघत बसायचं असतं."

"ओके काका," मी म्हणाले. मला ते समजलं होतं, पण समजल्यावर काय म्हणायचं असतं ते माहीत नव्हतं.

या माणसाच्या घटनेत एक कलम असं होतं की त्यावर कधीच लेबल चिकटलं नाही. दोन मिनिटांचं कलम. गाडी कोणत्याही सभासदासाठी दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबणार नाही. त्याच्यापुढे काकांनी कंसात लिहिलं होतं : मूलभूत चौकट. म्हणजे, संसद घटनेत बदल करू शकते पण तिची मूलभूत चौकट मोडू शकत नाही, असं सुप्रीम कोर्टाने जे सांगितलं आहे तेच आमच्या व्हॅनला लागू. एसी बदला, खिडक्या बदला, माशाच्या डब्याला परवानगी द्या. दोन मिनिटं बदलता येणार नाहीत.

हे कलम मानसीताईंच्या वाट्याला आलं. त्यांच्या मुलाला, अद्वैतला, सकाळी अचानक ताप चढला. त्याला औषध देऊन, नवऱ्याला थांबवून त्या खाली येईपर्यंत दोन मिनिटं उलटली. आम्हाला त्या गेटमधून पळत येताना दिसत होत्या, एका हातात डबा, एका हातात चप्पल. खानसाबांनी काकांकडे पाहिलं. काकांनी घड्याळाकडे पाहिलं.

"यल्ला, चला," काका म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता, पण म्हणाले.

मानसीताई दुसऱ्या दिवशी गाडीत चढल्या तेव्हा काकांनी अद्वैतची चौकशी केली.

"बरा आहे. कलमात बसत नव्हता, म्हणून घरी ठेवला," त्या म्हणाल्या. पुढे कित्येक महिने त्या काकांशी फक्त मतदानापुरतं बोलल्या, आणि मत नेहमी विरोधात दिलं. एकदा काकांनी सर्वांना कडक चहा पाजायचा ठराव मांडला. त्याच्याही विरोधात.

आणि मग काका स्वतःच उशीर करू लागले.

सुरुवातीला आमचा विश्वासच बसेना. मी चढल्यावर व्हॅन आमच्या कोपऱ्यावर उभी राही, दोन मिनिटं संपत, आणि काका गल्लीच्या दुसऱ्या टोकाला दिसत, बॅग छातीशी धरून झपाझप येताना. खानसाब उतरून टायरला लाथ मारून बघायचे. सावकाश चारही टायर. काका पोहोचत तोवर टायर तपासून झालेले असत.

तिसऱ्यांदा काकांनी ते ओळखलं. ते व्हॅनच्या उघड्या दारापाशी आले, घामाने डबडबलेले, आणि तिथेच थांबले.

"किती वाजले?"

"काका, बसा ना," कौस्तुभ म्हणाला.

"दोन मिनिटं होऊन गेली आहेत. तुम्ही इथे असायला नको होतात."

"टायर देख रहा था, साब."

"खानसाब, टायर ठीक है. यह भ्रष्टाचार है." त्यांनी बाहेरून दार ओढून बंद केलं आणि काचेवर थाप मारली. "यल्ला, निकलो!"

गाडी निघाली. मागच्या काचेतून ते मेट्रोच्या दिशेने चालत जाताना दिसले. पुढचे कित्येक दिवस हेच. सकाळी मेट्रो आणि बस, संध्याकाळी मात्र काका वेळेवर व्हॅनमध्ये, कारण संध्याकाळचं कलम ते पाळू शकत होते. कारण विचारलं तर म्हणत, "वैयक्तिक आहे. वैयक्तिक कारण कलमात बसत नाही."

एका संध्याकाळी त्यांचा डबा गाडीत राहिला. माझी बिल्डिंग जवळ, म्हणून तो द्यायला मी गेले. दार अर्धवट उघडं होतं. काका खाली दूध आणायला गेले होते आणि व्हीलचेअरवर एक आजी बसल्या होत्या. पांढरे केस, लाल स्वेटर, एसीला वैतागलेल्या. काकांची आई. काकांनी लग्न केलं नव्हतं. वडील गेल्यावर आईला त्यांनी इथे आणलं होतं आणि आता तिची डावी बाजू हलत नव्हती. हे सगळं मला दोन मिनिटांत कळलं, कारण आजींना बोलायला माणूस हवं होतं आणि मी नुसती ऐकत उभी राहू शकते.

"सकाळी सिस्टर येते माझ्यासाठी. बसने येते, लांबून. कधी वेळेवर, कधी इन्शाल्ला," आजी म्हणाल्या. इन्शाल्ला हा शब्द त्यांनी तिच्याकडूनच उचलला असावा. "ती येईपर्यंत हा बूट घालून दारात उभा. घड्याळाकडे बघतो आणि म्हणतो, आई, संपली दोन मिनिटं. मी म्हटलं, मला एकटीला ठेवून जा, मी काय पळून जाते का? तर म्हणे कलमात बसत नाही. टॅक्सीने जा म्हटलं, तर साठ दिरहम, म्हणजे चौदाशे रुपये, रोजचे. काल साहेबाने बोलावलं होतं त्याला. अजून उशीर झाला तर घरी बस म्हणाला." त्या थांबल्या. "घरी म्हणजे कुठल्या घरी ते कळलं ना तुला?"

कळलं. इथे वाढलेल्या मुलांना ते समजावून सांगावं लागत नाही. नोकरी गेली की काकांचा व्हिसा जाणार, आणि त्यांच्या व्हिसावर असलेल्या आजींचाही.

"आजी, ते कुणाला सांगत का नाहीत?"

"लहानपणी पत्त्यांत हरायला लागला की बाकीची मुलं पत्ते फेकायची. हा नियम वाचून दाखवायचा, आणि मग हरायचा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, गाडी ट्रॅफिकमध्ये पूर्ण थांबल्यावर, मी म्हणाले, "मला एक दुरुस्ती मांडायची आहे."

कौस्तुभने हेडफोन काढले. खानसाबांनी आरसा नीट केला. फिलिप झोपला होता.

घरी घोकून आलेली वाक्यं मी एका दमात म्हणून टाकली. घरातल्या आजारी, लहान किंवा वृद्ध माणसामुळे उशीर होत असेल तर मेसेज टाकावा, गाडी दहा मिनिटं थांबेल.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. डबा कुणी आणून दिला ते त्यांना आठवलं असावं.

"नियमबाह्य," ते म्हणाले. "दोन मिनिटं ही मूलभूत चौकट आहे. आणि कायदा एका माणसासाठी बदलत नसतात."

"एका माणसासाठी नाही. सगळ्यांसाठी आहे. मला आजी नाही, पण... होऊ शकते." हे वाक्य घोकलेलं नव्हतं. कौस्तुभ हसला. माझे कान तापले, पण आता थांबणं जास्त कठीण होतं. "आणि काका, बेसिक स्ट्रक्चर म्हणजे आकडा नसतो. सुप्रीम कोर्टाने आकडा नाही सांगितला. सगळ्यांना सारखं वागवायचं आणि सगळ्यांना कामावर पोहोचवायचं, ही चौकट. दोन मिनिटं हे फक्त... फर्निचर आहे."

काकांनी सीटमागच्या खिशातून घटना काढून ते कलम परत वाचलं. हॉर्न वाजत होते. शेवटी ते म्हणाले, "मांडता येईल. पण माझा हितसंबंध आहे. मी मत देणार नाही."

म्हणजे उरलो चौघं. झोपलेला फिलिप गणसंख्येत हजर, म्हणून दुरुस्तीला लागणारे दोन तृतीयांश चौघांचे, म्हणजे तीन मतं हवीत. माझं आणि कौस्तुभचं मिळून दोन. फिलिप घोरत होता आणि त्याला हलवणं घटनाबाह्य होतं. सगळं मानसीताईंवर आलं.

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "छान आहे दुरुस्ती," त्या म्हणाल्या. "काकांसाठी दहा मिनिटं. आणि माझ्या अद्वैतसाठी? त्या दिवशी कुणाला सुचलं नाही हे?"

त्यांनी मांडीवरच्या पर्सची चेन ओढून बंद केली.

"मी मत देते. पण ही दुरुस्ती आजपासून नको. त्या दिवसाच्या आधीपासून लागू करा. काय म्हणतात त्याला, काका?"

"पूर्वलक्षी प्रभावाने," काका पुटपुटले.

"तसं."

"मानसीताई, मागच्या तारखेपासून कायदा लावायला माझा आयुष्यभर विरोध आहे. त्याने होऊन गेलेलं बदलत नाही. गाडी त्या दिवशी निघाली ती निघाली."

"मला माहितीये निघाली. मी पळत होते तिच्यामागे. बदलू नका. चुकलं होतं एवढं लिहा."

"अरे काका, लिहा ना!" कौस्तुभ म्हणाला. "खलास करा."

"घाई नको," काका म्हणाले. गाडी थोडी पुढे सरकली, परत थांबली. त्यांनी खिशातून निळं पेन काढलं, परत ठेवलं, लाल काढलं. लेबलांचा रोल मांडीवर घेऊन ते बराच वेळ लिहीत होते. एक लेबल वाया गेलं. दुसऱ्यावर सगळा मजकूर आला आणि शेवटी 'पूर्वलक्षी प्रभावाने'. मानसीताईंनी ते वाचून घेतलं, काकांच्या 'आजारी'तला राहिलेला काना दाखवला आणि हात वर केला.

ज्या कलमावर कधीच लेबल बसलं नव्हतं, त्याच्यावर काकांनी अंगठ्याने दाबून ते चिकटवलं.

"मुबारक," खानसाब म्हणाले. "मरम्मत हो गई."

दुसऱ्या दिवशी सिस्टर नेमकी वेळेवर आली. काका कोपऱ्यावर माझ्याही आधी उभे होते. फिलिप आणि कौस्तुभ गाडीत होतेच, आम्ही दोघं चढलो, आणि शेवटी मानसीताईंच्या बिल्डिंगपाशी गाडी आली. त्याही गेटवर तयार होत्या. चढल्या, बसल्या, बेल्ट लावला. खानसाबांनी गिअर टाकला.

"थांबा," काका म्हणाले.

"कोण यायचंय?" कौस्तुभने विचारलं. "सगळे आलो की."

"मानसीताई यायच्या आहेत."

मानसीताईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"दुरुस्ती मागच्या तारखेपासून लागू आहे," काका जाळीला म्हणाले. "त्या दिवशी गाडीने दहा मिनिटं थांबायला हवं होतं. ती बाकी आहेत. नुसतं लेबल चिकटवून अंमलबजावणी होत नाही."

"काका, मला मीटिंग आहे," कौस्तुभ म्हणाला.

"मलाही साहेब आहे," काका म्हणाले. मी घड्याळाकडे पाहिलं. आजींनी सांगितलेलं त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. पण ते हातांची घडी घालून बसून राहिले.

गाडी उभी राहिल्यामुळे फिलिपला जाग आली. "क्या हुआ? एक्सिडेंट?"

"नहीं," काका म्हणाले. "अमेंडमेंट."

मानसीताईंनी बेल्ट काढला. त्या खाली उतरल्या, पदपथ ओलांडून गेटमधून आत गेल्या आणि दिसेनाशा झाल्या. आम्ही बसलो. थोड्या वेळाने त्या परत गेटपाशी आल्या. पळत नाही, चालत. वॉचमनपाशी थांबून त्याच्याशी काहीतरी बोलल्या, त्याने लांबलचक उत्तर दिलं, ते सगळं ऐकून घेतलं. पर्स उघडून आरसा काढला, टिकली सरळ केली. मागे एक पिकअप येऊन उभा राहिला आणि रस्ता मागू लागला. खानसाबांचा हात आपोआप हॉर्नकडे गेला.

"हाथ निकालो, खानसाब," काका म्हणाले. "बच्चे को बुखार है."

खानसाबांनी हात मांडीवर ठेवला.